लेखकांकडून पैसे न घेता संशोधनपत्रिका सर्वांसाठी मोफत ठेवता येते का? खर्च कसा भागवायचा?

विभागाची छापील सहामाही पत्रिका तुम्हाला ऑनलाइन मोफत करायची आहे आणि लेखकांकडून रुपयाही घ्यायचा नाही. जमतं. मी एका छोट्या मराठी संशोधनपत्रिकेचं संपादकीय काम बघते, त्यावरून सांगते.

लेखकांकडून न घेण्यावर ठाम राहा. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लेख वाचकांसाठी मोफत ठेवायचा तर २०२१ पासून ९,५०० युरो मोजावे लागू लागले. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला दोन हजारही जड जातात. शिवाय पैसे घेतले की लेख नाकारताना संपादकाचा हात अडखळतो.

आधी खरा खर्च मांडा. ओजेएस (ओपन जर्नल सिस्टिम्स) हे पत्रिका चालवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लेख तपासणारे परीक्षक मानधन मागत नाहीत, सर्व्हर आणि डीओआय म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळखक्रमांकाचा खर्च आटोक्यातला. आमचा पैसा जातो अक्षरजुळणीत. लेख श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये येतो, नेटवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी निसटते. तळटीपांसकट ओळ न् ओळ ताडून बघावी लागते. हे काम फुकटात करून घेऊ नका. पत्रिका बंद पडते ती इथेच.

पैशाची वाट मुंबईतच सापडेल. १९९७ मध्ये इथे सुरू झालेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने केईएम रुग्णालयाच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’सारखी नियतकालिकं नेटवर मोफत दिली आणि खर्च छापील अंकाची वर्गणी व जाहिरातींतून काढला. तेव्हा छापील अंक लगेच बंद करू नका, ग्रंथालयं अजून घेतात. पुढे २०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या मोठ्या परदेशी प्रकाशकाकडे गेली. तुम्हीही बाहेरचा प्रकाशक गाठलात, तर पत्रिकेचं नाव आणि जुने अंक तुमच्याच मालकीचे राहतील, हे करारात लिहून घ्या.

दुसरी वाट मला जास्त पटते: वाटणीची. ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज ही मानव्यविद्यांच्या पत्रिका काढणारी संस्था अनेक ग्रंथालयांच्या छोट्या छोट्या वार्षिक रकमांवर चालते. लेखकालाही फुकट, वाचकालाही. तुमच्या विषयाच्या पाच-सहा महाविद्यालयांनी थोडा थोडा वाटा उचलला तर एक अक्षरजुळणीकार अर्धवेळ ठेवता येईल.

फक्त मागताना एका वर्षाचे मागू नका. तीन वर्षांचं लेखी घ्या, नियामक मंडळाच्या ठरावासकट. आमच्याकडे प्राचार्य बदलले आणि तोंडी कबूल झालेली रक्कम त्यांच्याबरोबरच गेली; तो अंक आठ महिने उशिरा निघाला.