सकुलंटच्या कुंडीसाठी शेतातली काळी माती आणि कोकोपीट अर्धं-अर्धं चालेल का? माती शेतातली आहे, कसदार आहे. खत किती घालू?

नाही चालणार. सकुलंट म्हणजे पानाखोडांत पाणी साठवणारी झाडं. जेड लावा, एचेवेरिया लावा नाहीतर सेडम, या मिश्रणात पावसाळा काढणं कठीण आहे.

तुम्ही लिहिलंय, "माती शेतातली आहे, कसदार आहे." हेच वाक्य मी आमच्या भाऊजींकडून वर्षानुवर्षं ऐकतेय, म्हणून उत्तर लिहायला बसले. त्यांची शेती इंदापूरकडे, जमीन काळीभोर. पुण्याला यायचे ते मातीचं पोतं घेऊनच. "वहिनी, या मातीत ऊस डोक्याच्या वर जातो, तुमची ही वीतभर रोपं का नाही यायची?" माझ्या गॅलरीत विटांचे तुकडे दिसले की सगळ्यांसमोर विचारायचे, "ही माती आहे की राडारोडा?"

एकदा मी माहेरी गेले असताना त्यांनी माझ्या जेडची कुंडी रिकामी केली आणि त्यांच्या मातीत झाड लावून टाकलं. प्रेमानंच केलं, मला मान्य आहे. पण ते जेड माझ्या आईच्या झाडाच्या फांदीपासून केलेलं होतं. उन्हाळाभर झाड बरं दिसत होतं आणि भाऊजी खूश होते. "पाणी घातलं की लगेच खालून येतं, निचरा नाही म्हणता कशाला?"

पाणी येत होतं ते कडेनं. काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशी कुंडीतली माती आकसून कुंडीची कड सोडते. पाणी त्या फटीतून तळाला जातं आणि आतला गोळा कोरडा राहतो. मी त्यांच्यासमोर कुंडी उलटी केली. अख्खा गोळा बाहेर आला, खुरप्यानं फोडला तर आत खडखडीत. जुलैत याच मातीनं उलटं केलं. फुगली, फट बुजली आणि ओल हटेना. जेडचं खोड बुडाशी मऊ पडलं, काळं झालं. वरून शेंड्याचा निरोगी तुकडा कापून वाळवला, म्हणून आज ते झाड आहे तरी.

त्यावर भाऊजींचं पुढचं म्हणणं, "मग तळाला खडी घालायची." हा सल्ला तुम्हालाही दहा जण देतील. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. कुंडीतल्या मातीचंही तसंच आहे, तिच्या तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडकूनच राहतं आणि खाली खडी असली तरी ते तिच्यात सहजी उतरत नाही. उलट खडीच्या थरामुळे तो ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भरड माल सगळ्या मातीत मिसळलेला हवा. हे त्यांना स्वयंपाकघरात करून दाखवलं, तरी त्यांचं म्हणणं बदललं नाही.

माझं मिश्रण असं: दोन भाग भाजक्या विटेचे तुकडे, हरभऱ्याच्या डाळीपासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे. एक भाग क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), पांढरं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतलेली. एक भाग लाल माती. अर्धा भाग जुनं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत. विटा फोडल्यावर चाळून भुकटी फेकूनच द्या, ती राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. सिमेंटचे ब्लॉक फोडू नका. कोकणात असाल तर विटेऐवजी जांभ्याचे कठीण तुकडे घ्या. मिश्रण भिजवून मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर विस्कटलं पाहिजे.

या मिश्रणाला माती न म्हणणाऱ्यांना मी शिवनेरीचं नाव सांगते. तिथल्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते, ही आपल्या महाराष्ट्राचीच सकुलंट. कातळाच्या बेचक्यात असेल तेवढ्या मातीवर ती जगते, उन्हाळ्यात पानं टाकते आणि पावसाळ्यात तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुलं धरते. (ती दुर्मिळ आहे, उपटून आणू नका.) मांसल पानाखोडांत पाणी साठवणाऱ्या झाडाला मुळांशी हवा लागते, कस नंतर.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी वापरत नाही. पूर्ण वाळलं की पाणी धरायला तयार होत नाही आणि न धुतलेल्यात क्षार असतात. तुमच्याकडे आणलेलंच असेल तर धुऊन, गांडूळखताच्या निम्म्यानं घाला.

हे प्रमाण पुण्यातल्या, ऊन येणाऱ्या पण छप्पर असलेल्या गॅलरीचं आहे. मुंबईच्या दमट हवेत विटा वाढवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात लहान कुंडी फार लवकर वाळते, तिथे लाल माती थोडी जास्त चालेल. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगच असलं तरी झाडांवर वाढणारं आहे, त्याला पालापाचोळ्याचं खत जास्त लागतं. हे मिश्रण त्याच्यासाठी नाही. समुद्रावरची वाळू कुठेच वापरू नका, मीठ असतं. आणि शेतातली माती घरात कोणी आणलीच असेल तर टाकू नका, तुळशीला आणि मोगऱ्याला निम्मं शेणखत मिसळून द्या. भाऊजींचं पोतं मी तिथेच वापरते.