शाळेत कलारसग्रहण शिकवायला संग्रहालयाचे स्वयंसेवक बोलवावेत का? मुलांना चित्रकारांची नावंही माहीत नसतात, मग उपयोग काय?

बोलवा. फक्त येणारा माणूस पाठ केलेली माहिती म्हणून दाखवणारा नको, एवढं आधी बघा.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी एका शाळेच्या स्टाफरूममध्ये जवळपास याच शब्दांत ऐकलाय, म्हणून लिहायला बसले. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मुंबईतल्या एका संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं आणि सहा वर्षं शाळाशाळांतून चित्रं घेऊन फिरले.

ती शाळा लालबागकडची. सातवीचा वर्ग, 52 मुलं. मी सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र नेलं होतं. कॅलेंडरवर, मोठ्या बहिणीच्या घरी, कुठे ना कुठे तुम्हीही ते पाहिलं असेल. अंधारात उभी बाई, एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड. बाकं मागे सारून मुलांना जमिनीवर बसवलं, चित्र टेबलावर टेकवलं आणि विचारलं, "काय चाललंय ह्या चित्रात?"

"लाइट गेलीय, बाई."

"कशावरून?"

"मग दिवा कशाला घेईल ती?"

एक म्हणाला, देवघरात चाललीय. दुसरा म्हणाला, वारा येतोय म्हणून हात धरलाय. त्यावर तिसरा उसळला, वारा असता तर पदर नसता का उडाला? पाच-सात मिनिटं नुसता वाद. मग खिडकीजवळची एक मुलगी, तोवर अक्षर बोलली नव्हती, म्हणाली, "तिची बोटं आतून लाल आहेत." कुणीतरी म्हणालं, रंग चुकलाय. ती म्हणाली, "नाही चुकला. टॉर्चवर हात ठेवला की अस्संच दिसतं."

वर्गशिक्षिका गुणी होत्या. त्यांनी शिपायाकडून सतरंज्या आणवून खिडक्यांवर टाकल्या, दिवे बंद केले, मोबाइलचा टॉर्च लावला. 52 मुलांनी आळीपाळीने त्यावर हात धरले. वीस मिनिटं त्यात गेली आणि ती वीस मिनिटं मला सहा वर्षांतली सगळ्यांत मोलाची वाटतात. कारण दिवे लागल्यावर तीच मुलगी चित्रासमोर येऊन म्हणाली, "पण हे रंगात कसं केलं त्यांनी?"

तेव्हा मी तोंड उघडलं. हे जलरंग आहेत. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा काळोख जास्त झाला की मागे फिरणं फार अवघड. आणि ही बाई म्हणजे चित्रकाराची स्वतःची मुलगी, गीता. मुलं चित्रावर अक्षरशः वाकली.

नंतर स्टाफरूममध्ये ड्रॉइंगचे सर म्हणाले, "तास फुकट गेला. चित्रकार कोण, जन्म कधी, शैली कोणती, एक ओळ नाही वहीत. नावं माहीत नाहीत त्यांना रसग्रहण कसलं?" मी चहा घेतला आणि निघाले. उत्तर सुचलं नाही तेव्हा. आज देते.

हेच चित्र आमच्या गिरगावच्या घरात बाहेरच्या खोलीत टांगलेलं होतं. माझे वडील चांगले वाचणारे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, "रविवर्मा." आम्हीही तेच सांगायचो. रविवर्मा 1906 साली गेले. चित्रातली गीता, म्हणजे गीताबाई उपळेकर, 2018 साली कोल्हापुरात वारल्या, वय 102. म्हणजे रविवर्मा गेल्यानंतर जवळपास दहा वर्षांनी त्या जन्मल्या. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते हळदणकरांचं आहे. नाव ठाऊक होतं म्हणून आमच्या घरातला एकही माणूस भिंतीजवळ जाऊन उभा राहिला नाही, आणि ते नावही चुकीचं होतं. बोटांतली लाली मला तीस वर्षांत दिसली नाही. त्या पोरीला दहा मिनिटांत दिसली. सर, आता सांगा तास कुणाचा फुकट गेला.

'काय चाललंय?', 'कशावरून म्हणतोस?', 'अजून काय दिसतंय?' हे तीन प्रश्न माझे नाहीत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांनी ही पद्धत बसवली. मराठी शाळेत ती जशीच्या तशी चालते. एका तासाला एकच चित्र, तेही मोठं छापलेलं. प्रोजेक्टरवर वीस चित्रं सरकवणारा स्वयंसेवक आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. वर्षातून एकदा येऊन काही होत नाही, त्याच वर्गात चार-पाच वेळा तरी यायला हवं. संग्रहालय लांब असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' बस आहे, 2015पासून ती शाळांपर्यंत जाते, त्यांना विचारून बघा.

आता सरांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या डोक्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षा असतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. गरिबाघरच्या पोराला ते सात गुण खरोखर उपयोगी पडतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचे पेपर असतात, दुसऱ्याचं चित्र बघण्याचा नसतो. म्हणून परीक्षेच्या तोंडावर त्यांचा तास मागू नका, भाषेच्या शिक्षकांकडे मागा. बघून बोलायचं असतं, तेव्हा तो भाषेचाही तास आहेच.

आणि ड्रॉइंगच्या सरांना वर्गात बोलवाच. त्या दिवशी शेवटची पाच मिनिटं ते दारात उभे होते. टॉर्चवर हात धरायला मी त्यांनाही हाक मारायला हवी होती.