नावात ‘सी’ आहे म्हणून देवगडात लावू का?

प्रश्न: नमस्कार ताई, जूनमध्ये आम्ही लेहला जाऊन आलो. तिथे नदीकाठाने काटेरी झुडपं बघितली, सी बकथॉर्नचा ज्यूस पण प्यायलो, आंबटढाण पण मस्त. नावातच समुद्र आहे म्हटल्यावर बी मागवून घराच्या मागे खाऱ्या वाऱ्यात लावायचं डोक्यात आहे. जगेल ना? आणि चारी बाजूंना बर्फाचे डोंगर असून लेहला वाळवंट का म्हणतात?
– एक वाचक, देवगड

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेते, पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. वाळवंट ठरतं पावसावर, गरमीवर नाही. लेहला बर्फ धरून वर्षाचा सगळा मिळून साधारण १०० मिलिमीटर, आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो आणि आपण लाईट गेली म्हणून कुरकुरत बसतो. सह्याद्रीने ढग अडवले की आपण भिजतो आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं ना, तेच हिमालय करतो, फक्त कितीतरी मोठ्या मापाने. त्यात लेह ३५०० मीटरवर, हवा विरळ आणि कोरडी, म्हणून ऊन थेट भाजतं आणि सूर्य बुडाला की ऊब टिकत नाही. सावलीत स्वेटर आणि उन्हात नाक सोललेलं, तुमचंही झालंच असेल!

झाडांना हेच सोसायचं असतं, म्हणून अगदी वरची काही झाडं जमिनीला चिकटून गोल उशीसारखी वाढतात, आत वारा शिरत नाही आणि थोडी ऊब राहते, काहींच्या पानांवर चक्क लोकर असते. वाढायला, फुलायला, बी धरायला मिळतात जेमतेम चार-पाच महिने. आपल्या कातळसड्यावरची फुलं पण अशीच घाईत असतात, पण ती पावसाची वाट बघतात आणि तिथली उन्हाळ्याची. विलो आणि पॉपलर दिसले असतील ते ओढ्याकाठी नाहीतर पाटाच्या पाण्यावर, बर्फ वितळून येतं ते.

आता तुमचं झुडूप. स्पितीत त्याला छरमा म्हणतात. ‘सी’ आलंय ते युरोपातून, तिकडे उत्तर समुद्र आणि बाल्टिकच्या किनारी वाळूत ते वाढतं, म्हणजे समुद्र खरा, पण थंड! मुळांच्या गाठींत जंतू असतात, ते हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून दगडधोंड्यात पण भागतं. पण हिवाळ्यात त्याला कडक थंडी हवीच असते, आपल्याकडे जानेवारीत पण फॅन चालू, आणि पाणी साचलं की मुळं कुजतात, चार महिन्यांचा पाऊस ते काढणार कसं? वर नर झाड वेगळं, मादी वेगळं, रातांब्यासारखं, एकट्याला फळ नाही.

तेव्हा बी मागवू नका. वाऱ्याच्या बाजूला उंडी लावा आणि आंबटाची हौस असेल तर तिच्या आडोशाला रातांब्याचं कलम, पण ते मादीचं आहे ना ते नर्सरीत नीट विचारून घ्या आणि आसपास नर झाड आहे ना तेही बघा.