कीबोर्ड आधी कपाटातून बाहेर काढा

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत घरच्या संगणकावरील विंडोज काढून तेथे लिनक्स मिंट (विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण मुक्त प्रणाली) बसवले, त्यात घरचे फोटो आणि आपल्या कृषी सेवा केंद्राचे दोन वर्षांचे हिशेब गेले, आपण संतापून कीबोर्ड कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि आता आपण विचारता की या लिनक्सला काही स्कोप आहे का, असल्यास 35,000 रुपये भरून सर्टिफिकेट कोर्स लावावा का, आणि नसल्यास हे खूळ त्याच्या डोक्यातून कसे काढावे. गणितात त्याला 100 पैकी 48 गुण मिळाल्याचेही आपण कळवले आहे.

त्या 48 गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. कपाटाच्या कुलुपाची वाटली. आपल्याच पत्राप्रमाणे हे गुण ऑगस्टमधील चाचणीचे आहेत आणि लिनक्स घरात आले ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे जे खूळ तेव्हा लागलेलेच नव्हते त्याच्या माथी आपण हे गुण मारत आहात. दहावीचे गणित आणि अकरावीचे गणित यांत मोठी उडी असते आणि पहिल्या चाचणीत भलीभली मुले आपटतात. गणितात त्याला नेमके काय अडते हे आपण त्याला विचारल्याचा उल्लेख तीन पानी पत्रात एकदाही नाही. पुण्यातील पुतण्याच्या पॅकेजचा मात्र तीनदा आहे. मुलासमोर हे पॅकेज दिवसातून किती वेळा निघत असेल, याचा मला अंदाज करता येतो.

पत्रातील एक वाक्य आपण रागाच्या भरात लिहून पुढे गेलात आणि मी मात्र तेथेच अडकलो. ‘नंतर तीन रात्री जागून, मित्राची हार्ड डिस्क आणून, काळ्या पडद्यावर काहीतरी खटपट करून त्याने बरेचसे फोटो परत आणले, पण सगळ्यांची नावे एफ आणि पुढे आकडे अशी विचित्र झाली आहेत.’ एफ आणि पुढे आकडे ही फोटोरेक नावाच्या मुक्त प्रोग्रॅमची खूण आहे. डिस्कवरील फाइलींची नोंदवही नष्ट झाली, तरी त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फाइलीतील मजकूर तेथेच पडून असतो. हा प्रोग्रॅम सारी डिस्क क्रमाने वाचत जातो आणि जेपेग चित्राच्या आरंभी असणारे ठरावीक बाइट दिसले, की तेथून चित्र उचलतो. मूळ नाव नोंदवहीबरोबर गेलेले असल्यामुळे तो आपल्या पद्धतीने नवे नाव देतो. हे करताना मूळ डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहायचे नसते. म्हणून आपल्या मुलाने संगणक बहुधा पेन ड्राइव्हवरून सुरू केला असणार, आणि म्हणूनच त्याला मित्राची डिस्क लागली. चूक झाल्यावर दार लावून बसणारी किंवा खोटे बोलणारी मुले मला नेहमी भेटतात. स्वतः केलेला घोटाळा कोणी न शिकवता वाचून, समजून घेऊन तीन रात्रींत बऱ्याच अंशी निस्तरणारा मुलगा क्वचित भेटतो, आणि त्याच्याच हातून आपण कीबोर्ड काढून घेतला आहे.

याचा अर्थ त्याला बोलूच नये असा नाही. दुसरी प्रत न ठेवता डिस्क पुसणे हा निष्काळजीपणा आहे. लिनक्स बसवताना विंडोज तसेच ठेवून शेजारी बसवण्याचा पर्याय पडद्यावर मिळतो आणि याने सारी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला. हिशेबाच्या फायली परत आलेल्या नाहीत, तेव्हा बिलबुके समोर घेऊन रोज संध्याकाळी पाऊण तास त्या नोंदी पुन्हा भरण्याचे काम त्याच्याकडे द्या. त्यासाठीही कीबोर्ड लागेलच. आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते ही आपली तक्रार रास्त आहे. दुकानाचा हिशेब यापुढे दुकानातील लॅपटॉपवरच ठेवा आणि घरचा संगणक त्याच्या हवाली करा. तसेही विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आपल्या 2013 सालच्या यंत्रात नाही. दुकानदाराने भंगारात काढायला सांगितलेला संगणक आज घरात चालतो आहे, तो त्या ‘खुळामुळेच’.

आता आपल्या पत्रात ठायी ठायी दिसणाऱ्या एका समजाविषयी. ‘जे फुकट मिळते त्याला बाजारात काय किंमत असणार,’ असे आपण लिहिता. लिनक्सचे मुक्त असणे हे मुळात किमतीविषयी नसून परवान्याविषयी आहे: प्रोग्रॅमचा मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा, मात्र बदललेले रूप वाटताना त्याचा कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा, असे लिनक्सला लागू असणारा जीपीएल परवाना सांगतो. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने 1991 साली हे काम हौस म्हणून जाहीर केले हे खरे. आज मात्र लिनक्सच्या गाभ्यात होणारे बहुतांश बदल कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. लिनक्सवर उभ्या असलेल्या रेड हॅट या कंपनीसाठी आयबीएमने सुमारे 34 अब्ज डॉलर मोजले आणि तो व्यवहार 2019 मध्ये पूर्ण झाला. जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक महासंगणक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवरच चालतो. आपण पत्रासोबत त्या संगणकाचा जो फोटो पाठवला, तो अँड्रॉइड फोनवर काढला असेल, तर त्या फोनच्या तळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. काळा पडदा म्हणजे हॅकिंग ही भीतीही सोडून द्या; संगणकाला लेखी आज्ञा देण्याची ती खिडकी आहे, एवढेच.

सर्टिफिकेट कोर्सला माझा स्पष्ट नकार आहे. रेड हॅटसारख्या परीक्षा प्रत्यक्ष संगणकावर काम करून द्याव्या लागतात आणि त्या नोकरीच्या उंबरठ्यावर उपयोगी पडतात. अकरावीच्या मुलाला त्यांची घाई नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील धडे मराठीतही विनामूल्य मिळतात, आधी ते पाहू द्या. अभियांत्रिकीसाठी जेईई आणि एमएचटी-सीईटी, अन्यथा बी.एस्सी. संगणकशास्त्र, हे मार्ग आपल्याला ठाऊकच आहेत. या प्रत्येक मार्गावर गणित आहे, म्हणून ते सुधारायलाच हवे, आणि ही गोष्ट त्याला लिनक्सच अधिक लवकर पटवून देईल.

पत्राचा हा भाग त्याला वाचायला द्या. बाळा, दर आठवड्याला नवे डिस्ट्रो (मिंटसारखा लिनक्सचा वेगळा अवतार) बसवणे आणि पडद्याचे रंग बदलणे म्हणजे शिकणे, असे समजू नकोस. पुढची दोन वर्षे एकच धर. त्या फोटोंपासून सुरुवात कर: नावे गेली, तरी कॅमेऱ्याने किंवा फोनने फोटो काढल्याची तारीख चित्राच्या आत नोंदलेली असते. ती वाचून फोटो वर्षवार वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावणारी छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे काळ्या पडद्यावरच्या आज्ञांची क्रमवार यादी, स्वतः लिही आणि ती आधी प्रतींवर चालवून पाहा. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत अशी तारीख सापडणार नाही. तेथे स्क्रिप्ट हात टेकेल. ते फोटो कोणत्या वर्षीचे आणि त्यांत कोण कोण आहे, हे आई-बाबांना शेजारी बसवून विचारून घे.