हिरड्यांतून रक्त येतंय, हर्बल माऊथवॉश घेऊ की डॉक्टरांनी दिलेलाच?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझं वय ४६, राहायला साताऱ्याला. ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांतून रक्त यायचं म्हणून डेंटिस्टकडे गेले, त्यांनी दात साफ करून दिले आणि क्लोरहेक्सिडीनचा माऊथवॉश दोन आठवड्यांसाठी लिहून दिला. रक्त थांबलं म्हणून मग मीच मेडिकलमधून बाटल्या आणत राहिले, तीन-चार महिने झाले असतील. आता दात तपकिरी दिसायला लागलेत, आमटीत मीठ किती पडलंय तेही कळत नाही, आणि बंद केला की रक्त परत सुरू. जाऊबाई म्हणतात ते केमिकल सोड, त्रिफळा-कडुनिंबाचा हर्बल आण, कितीही दिवस चालतो. काय करू?

उत्तर: ताई, आधी घाबरू नका. ते डाग दातांच्या वरवरचे आहेत, पॉलिशिंग केलं की निघतात, आणि औषध थांबवलं की मिठाची चवही परत येते. दोन्ही क्लोरहेक्सिडीनचे नेहमीचे परिणाम आहेत, वरून चहा-कॉफी जास्त असेल तर डाग अजून गडद पडतात. डॉक्टरांनी दोन आठवडेच लिहिलं होतं ते याचसाठी.

औषध म्हणून ते खरंच जोरदार आहे. ०.२ टक्क्यांचं १० मिली तोंडात फिरवून थुंकलं तरी ते दातांना आणि गालाच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, हे बाकीच्या बहुतेक माऊथवॉशना जमत नाही. म्हणून दाढ काढल्यावर किंवा हिरड्यांचं ऑपरेशन झाल्यावर, ब्रश नीट करताच येत नाही तेव्हा, आम्ही ते हमखास देतो. (टूथपेस्टमधल्या फेस करणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटने त्याचा जोर कमी होतो, म्हणून ब्रश आणि गुळणी यात निदान अर्धा तास जाऊ द्यायचा, हे दुकानात कोणी सांगत नाही.) पण २०१७ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणारी संस्था) ५१ अभ्यास एकत्र तपासले, त्यात दातांवरचा थर बराच कमी झालेला दिसला, तरी हिरड्यांची सूज सौम्य असेल तर त्यातला फरक इतका लहान होता की पेशंटला जाणवण्यासारखा नाही. आणि चार आठवड्यांच्या पुढे गेलात की डाग आहेतच.

आता जाऊबाईंचं. त्रिफळ्यावर आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांत अभ्यास झालेत आणि काहींत रिझल्ट क्लोरहेक्सिडीनच्या जवळपास आलाय, ते मी नाकारणार नाही. पण बहुतेक अभ्यास थोड्या लोकांवर आणि थोड्या दिवसांचे, शिवाय तिथे ठरावीक प्रमाणात केलेला अर्क वापरलेला असतो, दुकानातल्या बाटलीत तेवढाच असेल असं नाही. आणि झाडपाला वेगळा, केमिकल वेगळं असंही काही नसतं हो, आपल्या ओव्याला जो वास येतो तो थायमॉलचा आणि लिस्टरिन या माऊथवॉशमध्येही थायमॉलच असतं. तुम्हाला हर्बल आवडत असेल तर वापरा, तोंडाला बरं वाटेल, डाग फारसे पडणार नाहीत, फक्त आग झाली किंवा तोंड आलं तर थांबवा.

पण मला तुमच्या पत्रातलं एकच वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं, बंद केला की रक्त परत येतं. म्हणजे दातांवरचा जंतूंचा चिकट थर रोज तिथेच साचतोय. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं, तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या, कुठलाही माऊथवॉश नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळेच्या ग्रंथी उघडतात म्हणून किटण तिथेच सगळ्यात आधी धरतं, आणि क्लोरहेक्सिडीन खूप दिवस घेतलं तर ते उलट वाढतं. एकदा धरलेलं किटण कुठल्याच गुळणीने निघत नाही, आणि हिरडीखालच्या फटीत गुळणीचं पाणी पोचतच नाही.

तेव्हा क्लोरहेक्सिडीनचा माऊथवॉश बंद करा, डेंटिस्टकडे परत जा, पॉलिशिंग करून घ्या आणि हिरड्यांच्या फटी किती खोल आहेत ते मोजायला सांगा. घरी मऊ ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरून आतल्या बाजूनेही फिरवा, दोन दातांच्या मधे बारीक इंटरडेंटल ब्रश. रक्त येतं म्हणून ती जागा बरेच जण सोडून देतात, नेमकी तीच घासायची. आणि शुगर तपासली नसेल तर तपासा, डायबेटिस असला की हिरड्या लवकर बिघडतात.

प्रश्न: आई ७० वर्षांची आहे, रोज मिश्री लावते. तिच्या हिरड्यांतून रक्त कधीच येत नाही, तोंडाच्या वासासाठी हर्बल माऊथवॉश दिला तर चालेल ना?

उत्तर: द्या, पण रक्त नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत रोग असला तरी रक्त दिसेलच असं नाही. माऊथवॉशने फक्त वास झाकला जाईल. आईंना या महिन्यातच डेंटिस्टला दाखवा, आणि मिश्री ठेवतात त्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर उद्याच न्या.