४२व्या वर्षी बी.एड.? जरूर करा, ताई

या वयात बी.एड. करून शिक्षिका व्हावं का, असं तुम्ही विचारलंत. मी ४१व्या वर्षी औषध कंपनीतली नोकरी सोडून बी.एड.ला बसलो. वर्गातली मुलं मलाच 'सर' म्हणायची. दोन दिवस लाज वाटली, मग सवय झाली.

आत्ता एवढंच बघा:
- पदवीला ५० टक्के आहेत ना? मग सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा द्या. अभ्यासक्रम २ वर्षांचा.
- सरकारी भरतीची वयोमर्यादा आधीच तपासा. बरेच जण शेवटी बघतात आणि हळहळतात.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, नंतर बोलू.

उशिरा शिकवण्याकडे वळणाऱ्या आपल्यासारख्यांची खरी चूक म्हणजे आपण फार सांगतो. पहिल्या सराव पाठात मी सातवीला थेट पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) शिकवला. पोरं जांभया देत होती. पुढच्या वेळी हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं. कागद लाल झाला नि अख्खा वर्ग टेबलाभोवती! प्रयोग मात्र आदल्या रात्री घरी करून बघा.