मॉडेल इंजिनला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर : वाचकांचे प्रश्न

उद्यमनगरात बिडाचं फ्लायव्हील ओतून मिळतं, लेथवर क्रँक वळवून मिळतो, त्यामुळे घरी छोटं पेट्रोल इंजिन बनवणाऱ्यांची कोल्हापुरात वाण नाही. इंजिन धडधडलं की पुढचा हट्ट ठरलेला : वेग इलेक्ट्रॉनिक्सने बांधायचा, म्हणजे इंजिनला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर बसवायचा. त्यावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो.

ऑनलाइन ‘३० अँपिअर स्पीड कंट्रोलर, सर्व इंजिनांसाठी’ मिळतो. माझ्या पेट्रोल मॉडेलला चालेल का? (इचलकरंजी)

नाही. तो विजेच्या मोटरसाठी असतो. जाहिरातीत ‘इंजिन’ लिहायला विक्रेत्याला पैसे पडत नाहीत. मुदत आहे तोवर परत करा.

मग नेमकं काय काय लागतं? (कागल)

फ्लायव्हीलवर एक मॅग्नेट, त्यासमोर हॉल सेन्सर (मॅग्नेट समोरून गेला की विजेचा एक ठोका, म्हणजे पल्स देतो), प्रोग्रॅम चालवणारा एक आर्डुइनो बोर्ड आणि कार्ब्युरेटरचा थ्रॉटल (मिश्रणाची झडप) हलवणारी छोटी गिअरची मोटर, म्हणजे सर्व्हो. सर्व्होला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र दोघांचा एकच ठेवा. बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या पिनेतून सर्व्हो ओढला, की बोर्ड ऐन वेळी रिसेट होतो. मॅग्नेट कडेला नको, बॉसजवळ (मधल्या जाड भागाजवळ) बसवा. खड्डा पाडून इपॉक्सीत बसवा आणि समोरच्या बाजूला तेवढंच वजन द्या. खड्डा कुठे आणि किती खोल, हे एखाद्या जाणत्या टर्नरला विचारून ठरवा.

वेगाचा आकडा ११४०, १२००, १२६० अशा उड्या मारतो. सेन्सर बदलू का? (शाहूपुरी)

बदलू नका. तुम्ही सेकंदभर पल्स मोजताय. फेरीला एक पल्स, म्हणजे एका पल्सचा फरक ६० आरपीएमचा (मिनिटाला ६० फेऱ्यांचा). त्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजा. १२०० आरपीएमला तो ५० मिलिसेकंद येतो. फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं, म्हणून सरासरीही दोन फेऱ्यांची घ्या.

स्पार्क सुरू केला की आकडा ९००० वर जातो. दुकानदार म्हणतो, ए३१४४ हा हॉल सेन्सर डुप्लिकेट आहे, ओरिजिनल घ्या. (जयसिंगपूर)

ए३१४४ मूळ कंपनीने कधीच बंद केला. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून जादा पैसे घेऊन काय विकतात, ते तुम्हीच ओळखा. तुमचा दोष स्पार्कच्या गोंगाटाचा आहे. रेझिस्टरवाला प्लग लावा. सेन्सरच्या तारा पिळून घ्या आणि प्लगच्या वायरपासून लांब न्या. सेन्सरच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची तार पुरवठ्याच्या व्होल्टला ओढून धरणारा) १० किलोओहमचा असेल तर २.२ चा करा. तरीही आकडा भरकटला तर ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाला दाखवा. अंदाजाने पार्ट बदलत बसू नका.

इंजिन हंटिंग करतं, वेग सतत वर-खाली. मित्र म्हणतो, पीआयडीतला ‘डी’ वाढव. (गडहिंग्लज)

मित्राला चहा पाजा, सल्ला ऐकू नका. पीआयडी म्हणजे वेगातल्या चुकीवरून थ्रॉटल किती हलवायचा ते ठरवणारं सूत्र; त्यातला ‘डी’ चूक किती झपाट्याने बदलते ते बघतो. सिग्नल आधीच थरथरतोय, त्यात ‘डी’ वाढवला की थरथर आणखी वाढते. आधी सर्व्होपासून थ्रॉटलपर्यंतच्या लिंकेजमधला खेळ (ढिलेपणा) काढा. मग फक्त ‘पी’ वर (आत्ताच्या चुकीवर) चालवा, नंतर किंचित ‘आय’ (साठत गेलेली चूक) द्या आणि त्याच्या साठ्याला मर्यादा घाला. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं तरीही इंजिन असंच झोके खातं; ते कार्ब्युरेटरवाल्याकडून तपासून घ्या.

वेग वाढला की प्रोग्रॅमने स्पार्क गाळला तर सर्व्होची गरजच नाही ना? (राजारामपुरी)

रोजच्या नियंत्रणासाठी नको. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये साठतं आणि तिथे फुटतं. जुन्या हिट-अँड-मिस इंजिनात गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो, त्यामुळे नवं मिश्रण आतच येत नाही. तुमच्या इंजिनाची तशी रचना आहे का, हे आधी बघा.

आमच्या तालीम मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यात माझं मॉडेल तीन तास चालवायचंय. फ्लायव्हील बिडाचं, १५० मिलिमीटरचं. वेग १००० आरपीएम. गव्हर्नर नीट चालतो. आणखी काही बघायचं का? (मंगळवार पेठ)

‘नीट चालतो’ हेच वाक्य मला घाबरवतं. सेन्सरची तार तुटली तर तुमचा गव्हर्नर काय करील? पल्स येत नाहीत म्हणजे इंजिन मंदावलं, असं समजून तो थ्रॉटल सताड उघडील. मला पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये हीच खोट पुन्हा पुन्हा दिसते, आणि करणाऱ्याला तिचा पत्ता नसतो, कारण तार अजून तुटलेली नसते.

आता हिशोब करा. १००० आरपीएमला तुमच्या फ्लायव्हीलची कड सेकंदाला सुमारे ८ मीटरने पळते. लोड नसलेलं इंजिन ४००० ला गेलं, तर ३१ मीटरच्या वर. बिडाच्या फ्लायव्हीलची कड ३० मीटरच्या आसपास थांबवायची, हा जुना कारखानी नियम, आणि तोही चांगल्या ओतकामासाठी. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो : चौपट वेग, सोळापट ताण. आत ब्लोहोल (ओतताना राहिलेली पोकळी) असेल तर तो बाहेरून दिसत नाही. आणि पुढ्यात आई-बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं.

म्हणून इग्निशन तोडणारा रिले हवाच. बॅटरी-कॉइल असेल तर रिले बोर्डाने धरून ठेवायचा, म्हणजे बोर्ड मेला की कॉइलचा पुरवठा तुटतो. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्पार्क देणारा) असेल तर उलट : रिले सुटला की त्याची प्रायमरी वाइंडिंग ग्राउंड झाली पाहिजे. अर्धा सेकंद पल्स नाही, तर रिले सोडा. स्टार्ट करताना मात्र पल्स येईपर्यंत थ्रॉटल थोडासा उघडा, एका जागी बांधलेला ठेवा. बोर्ड अडकून पडला तर तो रिले तसाच धरून बसेल, म्हणून वॉचडॉग (अडकलेला बोर्ड आपोआप रिसेट करणारा टायमर) चालू ठेवा आणि ओव्हरस्पीडसाठी दुसरा सेन्सर, वेगळं सर्किट घ्या. थ्रॉटलची स्प्रिंग वाचवील, या भरवशावर राहू नका. वीज गेली तरी सर्व्होचे गिअर थ्रॉटल आहे तिथेच धरून ठेवतात. शिवाय हाताशी लाल बटण आणि फ्लायव्हीलभोवती पोलादी पत्र्याचं कव्हर.

मग मोकळ्या जागी, कव्हर लावून, कमी वेगावर, बटणावर दुसरा माणूस ठेवून सेन्सरची वायर मुद्दाम उपसा. इंजिन बंद पडलं नाही, तर ते घराबाहेर काढू नका.

एवढं सगळं केलंत तरी मंडपात ते पेटवू नका. कापड, लायटिंग, पेट्रोलची टाकी आणि कोंडलेल्या जागेत वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड! देखाव्यात फ्लायव्हील विजेच्या छोट्या मोटरने हळू फिरवा, बघणाऱ्याला फरक कळणार नाही. पेट्रोलवरच हवं असा मंडळाचा आग्रह असेल, तर अग्निशमन विभागाशी आत्ताच बोला, आगमनाच्या आदल्या रात्री नको.

हाच गव्हर्नर शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनला बसवू का? (शिरोळ)

नको. डिझेलला स्पार्कच नसतो, तेव्हा वर सांगितलेला रिले तिथे काहीच तोडत नाही. बंद करायचं तर इंधन तोडावं लागतं. त्याला यांत्रिक गव्हर्नर आहेच. तो झिजला असेल तर ऑइल इंजिनच्या फिटरला बोलवा, आणि तो येईपर्यंत पंप चालवू नका.